टोस्टमास्टर्स: कॉन्फरन्समध्ये पेपर मांडणाऱ्यांना कितपत उपयोगी? दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

दीड वर्ष झालं मी टोस्टमास्टर्सला, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायच्या क्लबला जातेय, आणि माझ्या दोन कॉन्फरन्स झाल्या, एक क्लब जॉइन करायच्या आधी आणि एक नंतर, त्यामुळे फरक नेमका कशात पडला आणि कशात नाही पडला हे आता नीट सांगता येईल असं वाटतंय. जॉइन करायच्या आधी मी खूप रिव्ह्यू वाचले होते. बहुतेकांत "कॉन्फिडन्स वाढला", "आयुष्य बदललं" एवढंच होतं. ते खरं असेलही, पण माझा प्रश्न वेगळा होता. मला भाषण करायचं नसतं. मला बारा मिनिटांत पेपर मांडायचा असतो, हातात क्लिकर, मागे स्लाइड्स, समोर माझ्याच फील्डमधली माझ्यापेक्षा जाणती माणसं, आणि नंतर तीन मिनिटं प्रश्न. त्यासाठी हे चालतं का, ते कोणीच लिहिलं नव्हतं म्हणून मी लिहितेय.

थोडक्यात आधीच सांगते, घड्याळ पाळायला आणि सरळ वाक्यात बोलायला शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही. स्लाइड्स आणि प्रश्नोत्तरं मात्र आपल्याला बाजूने करावी लागतात.

आधीच्या कॉन्फरन्सचं सांगायलाच पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं काम गंजाचं. पाइपवर कोटिंग असतं, ते वरून धड दिसतं आणि आत गंज पसरत असतो, तो लवकर कसा ओळखायचा यावर आमच्या टीमची तीन वर्षांची टेस्टिंग होती. मी स्लाइड्स २८ केल्या होत्या. घरी एकदा मनातल्या मनात वाचून बघितलं, बसतंय वेळेत असं वाटलं, आणि तिथे उभी राहिल्यावर पार्श्वभूमी सांगण्यातच सात मिनिटं गेली, मग टेस्टचा सेटअप, मग सॅम्पल कसे कापले, आणि तेवढ्यात सेशन चेअर, म्हणजे सत्र चालवणारे, वेळ संपत आली म्हणून उठून उभे राहिले. मी स्पीड वाढवला, शेवटच्या चार स्लाइड्स नुसत्या पुढे ढकलल्या, आणि आमचा सगळा निकाल त्या चार स्लाइड्समध्येच होता. ज्या दोघांनी तीन वर्षं ते सॅम्पल मोजले ते मागच्या रांगेत बसलेले होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं काम लोकांपर्यंत पोचलंच नाही आणि ते माझ्यामुळे, हे मला अजून लागतं.

त्यानंतर मी आधी एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेले होते. नाव लिहीत नाही, तशा वर्कशॉप्स खूप आहेत आणि सगळीकडे साधारण तेच शिकवतात. तिथे पहिल्याच तासाला सांगितलं की ऐकणाऱ्यावर शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि हावभावांचा ५५. मग दोन दिवस हात कुठे ठेवायचे, उभं कसं राहायचं, हसायचं कधी. मी वहीत सगळं लिहून आणलं. नंतर शोधलं तेव्हा कळलं की हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत, आणि त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही याचा अंदाज लोकांना करायला सांगितला होता. म्हणजे प्रश्न भावना ओळखण्याचा होता. स्वतः मेहरेबियननीच स्पष्ट केलंय की बोलणारा भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल तर हे समीकरण लागूच होत नाही. पाइपची भिंत वर्षाला किती मिलिमीटर झिजते हे माझ्या हातवाऱ्यांतून कोणाला कळणार? ते शब्दांतून आणि आकड्यांतूनच कळणार. ज्या ठिकाणी हा ७-३८-५५ चा तक्ता पहिल्या तासाला दाखवतात तिथे तुम्ही टेक्निकल बोलणार असाल तर पैसे घालू नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

मग ऑफिसमधल्या एका ताईंनी टोस्टमास्टर्सचं सांगितलं. त्या स्वतः पाच वर्षं जात होत्या. संस्था जुनी आहे, १९२४ साली राल्फ स्मेडली या माणसाने कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेच्या इमारतीत पहिला क्लब सुरू केला, आणि आता दीडशेच्या आसपास देशांत क्लब आहेत. नफा न कमावणारी संस्था आहे. पाहुणा म्हणून जाऊन बसायला काही लागत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे शिक्षक नसतो. सगळे सभासदच एकमेकांना शिकवतात, आज मी बोलले की उद्या मी दुसऱ्याचं ऐकून अभिप्राय देणार. पहिल्यांदा मला हे कमी वाटलं होतं, म्हणजे तज्ज्ञच नाही तर शिकायचं कोणाकडून. पण नंतर लक्षात आलं की कॉन्फरन्समध्ये तरी आपल्याला ऐकायला वक्तृत्वाचे तज्ज्ञ कुठे बसलेले असतात. साधी ऐकणारी माणसंच असतात, त्यांचं लक्ष कुठे सुटलं ते तीच सांगू शकतात.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. तयारीची भाषणं, मग आयत्या वेळचे विषय, मग मूल्यमापन. प्रत्येकाला काही ना काही भूमिका, कोणी टायमर, कोणी व्याकरण बघणारा, कोणी 'अं' मोजणारा. आता यातलं काय काय कामाचं ते सांगते.

घड्याळ. यावर मी कितीही लिहीन. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं असतं. पाच मिनिटं झाली की टायमर हिरवा दिवा किंवा कार्ड दाखवतो, सहाला पिवळं, सातला लाल. आणि वर तीस सेकंदांची सूट, बस. बघायला किती साधं आहे. पण दर वेळेला बोलताना समोर तो हिरवा दिसला की पोटात एक अंदाज तयार होत जातो, की आता माझे दोन तृतीयांश झालेत, आता मी कुठे असायला पाहिजे होतं. हा अंदाज घरी फोनवर स्टॉपवॉच लावून येत नाही, मी करून बघितलंय, कारण घरी आपण थांबतो, परत सुरू करतो, अडखळलं की मागे जातो. माणसांसमोर मागे जाता येत नाही. साताठ भाषणांनंतर मला घड्याळ न बघता कळायला लागलं की चार मिनिटं झाली असतील, आणि खरंच तेवढीच झालेली असायची.

त्यातून मग हिशोब करायची सवय लागली. मी मिनिटाला साधारण १३० शब्द बोलते, हे रेकॉर्डिंग ऐकून मोजलं. म्हणजे बारा मिनिटांत दीड हजारांच्या आसपास शब्द. आधीच्या कॉन्फरन्सचं माझं लिहिलेलं भाषण काढून मोजलं तर २६०० शब्द भरले. ते बारा मिनिटांत बसणारच नव्हतं, मी कितीही धीट असते तरी. इतकी वर्षं मी ज्याला स्टेजची भीती समजत होते त्यातला मोठा भाग नुसता गणिताचा होता हे त्या दिवशी कळलं आणि खूप हलकं वाटलं.

'अं' मोजणारा. इंग्रजीत आ-काउंटर म्हणतात. तुम्ही किती वेळा 'अं', 'सो', 'बेसिकली' म्हणालात ते शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. पहिल्या वेळी माझे ३१ निघाले आणि त्यातले बरेचसे 'अ‍ॅक्चुअली'. लाज वाटली खरं तर, पण रिव्ह्यू म्हणून सांगायचं तर हा भाग लोक वाजवीपेक्षा जास्त मनाला लावून घेतात. कॉन्फरन्समध्ये दहा 'अं' आले म्हणून कोणाचं काही अडत नाही. उपयोग वेगळाच झाला. मी आपल्या भाषेत विचार करते आणि बोलते इंग्रजीत, त्यामुळे मधे शब्द शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ मी 'अ‍ॅक्चुअली'ने भरत होते. आता तिथे नुसती थांबते. ते दोन सेकंद मला फार मोठे वाटतात, ऐकणाऱ्याला ते कळतही नाहीत, उलट त्याला आधीचं वाक्य पचवायला वेळ मिळतो. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या सगळ्यांना मी हे मुद्दाम सांगते, की उच्चारांवर जीव काढू नका, थांबायला शिका आणि वाक्यं छोटी करा.

आयत्या वेळचे विषय म्हणजे टेबल टॉपिक्स. कोणीतरी एकदम तुमचं नाव घेतं, एक प्रश्न देतं, आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. विषय काहीही असतात, त्यातले बरेच माझ्या दृष्टीने बिनकामाचे. पण मला विचाराल तर कॉन्फरन्सच्या प्रश्नोत्तरांना लागणारी सवय इथे चांगली लागते, विषयाची तयारी वेगळी करावी लागली तरी, प्रश्न पूर्ण ऐकायचा, एक श्वास घ्यायचा, उत्तराचं मुख्य वाक्य आधी बोलायचं आणि मग कारण. मी आधी उलटं करायचे, कारणांपासून सुरुवात करून उत्तरापर्यंत पोचायचे, आणि तोपर्यंत विचारणाऱ्याचा चेहरा गोंधळलेला असायचा.

मूल्यमापन दोन ते तीन मिनिटांचं असतं, आणि पद्धत अशी की आधी चांगलं काय, मग सुधारणा, मग परत चांगलं. नव्या माणसाला धीर यावा म्हणून ते बरोबरच आहे. पण कॉन्फरन्ससाठी येणाऱ्याने मधला भाग मागून घ्यावा. मी बोलायच्या आधीच मूल्यमापकाला सांगून ठेवते की माझा मुद्दा तुम्हाला कितव्या मिनिटाला कळला तेवढं लिहून ठेवा. असं नेमकं काही विचारलं की लोक अगदी मनापासून सांगतात.

याच संदर्भात एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यात जास्त कामाला आली. दुसऱ्या कॉन्फरन्सचा पेपर मी क्लबमध्ये न्यायचं ठरवलं. बारा मिनिटांचा तिथे बसत नाही, म्हणून सात मिनिटांचा केला. स्लाइड्स नेल्या नाहीत. मूल्यमापन करणारे काका हिशोबाच्या कामातले, गंजाशी काही संबंध नाही. त्यांनी बाकी सगळं ठीक आहे सांगितलं आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं ऐकलं, पण तो पाइप बदलायचा की नाही बदलायचा?" मला उत्तर माहीत होतं, तीन वर्षांची मेहनत त्याच उत्तरासाठी होती, पण सात मिनिटांत मी ते बोललेच नव्हते. त्या रात्री बसून पेपर उलटा केला. पहिलं वाक्यच ते झालं, की पाइप कधी बदलायचा आणि कधी नाही बदलायचा हे खणून न बघता सांगता येतं का, तर या परिस्थितीत येतं. मग पुरावा, मग पद्धत, पार्श्वभूमी फक्त एक मिनिट. २८ स्लाइड्सच्या ११ झाल्या. आधी मी मोठ्या भाषणाला कात्री लावत बसायचे आणि ते नेहमी तुटकं व्हायचं, आता आधी सात मिनिटांचं उभं करते आणि त्याच्याभोवती पाच मिनिटं वाढवते. हे कोणत्याही वर्कशॉपमध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता जिथे हे पुरत नाही ते. संस्थेचा जो शिकण्याचा कार्यक्रम आहे, पाथवेज म्हणतात, त्यात पाच लेव्हल आहेत आणि स्लाइड्स वापरण्याचा प्रोजेक्ट आहे, प्रश्नोत्तरांचाही आहे, पण ते वरच्या लेव्हलचे आणि ऐच्छिक. सुरुवात आइसब्रेकरपासून, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारं चार ते सहा मिनिटांचं भाषण. क्रम चांगला आहे पण तुमची कॉन्फरन्स दोन महिन्यांवर असेल तर तिथपर्यंत पोचणार नाही. शिवाय तिथे स्पर्धा असतात, अगदी जागतिक पातळीपर्यंत, आणि स्पर्धेचं भाषण ही वेगळी कला आहे, त्यात गोष्ट असते, आवाजाचा चढउतार असतो, स्टेजभर फिरणं असतं. ती माणसं बोलतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. पण आपल्याला पोडियमच्या माइकपासून हलता येत नाही आणि मागे ग्राफ असतो, त्यामुळे तिथलं सगळंच उचलून आणू नका.

स्लाइड्ससाठी मला फायदा झाला तो मायकल अ‍ॅली यांच्या पद्धतीचा, ते अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात इंजिनियरिंगवाल्यांना मांडणी शिकवतात. पद्धत अशी की स्लाइडच्या डोक्यावर 'निष्कर्ष' किंवा 'परिणाम' असं एका शब्दाचं शीर्षक द्यायचं नाही, पूर्ण वाक्य लिहायचं, आणि खाली बुलेट न देता त्या वाक्याचा पुरावा द्यायचा, म्हणजे फोटो, ग्राफ, आकृती. माझी 'परिणाम १' नावाची स्लाइड आता "कोटिंगला वरून चीर नसतानाही खाली गंज सापडला" अशी झाली, आणि खाली कापलेल्या सॅम्पलचा एकच मोठा फोटो. गंमत म्हणजे असं वाक्य लिहायला बसलं की काही स्लाइड्सना वाक्यच सुचत नाही. त्या काढून टाकायच्या. माझ्या निम्म्याहून जास्त अशाच गेल्या.

प्रश्नांसाठी ऑफिसमधल्या चौघांना बसवलं आणि सांगितलं की छळा मला. त्यांनी ४० प्रश्न काढले, त्यातले सहा खरंच अवघड होते, त्या सहांसाठी शेवटच्या स्लाइडनंतर सहा जादा स्लाइड्स करून ठेवल्या. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा नंबर दाबून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, हे खूप जणांना माहीत नसतं आणि लोक सगळ्यांसमोर मागेपुढे करत बसतात. नंबर कागदावर लिहून घेऊन जा. आणि कीबोर्डवरचं बी हे अक्षर दाबलं की स्क्रीन काळा होतो, लोकांनी ग्राफ सोडून तुमच्याकडे बघावं असं वाटलं की वापरा. प्रश्न आला की तो माइकवर परत बोलून दाखवायचा, मागच्यांना ऐकू गेलेला नसतो, आणि आपल्यालाही चार सेकंद मिळतात. जी टेस्ट केलेली नाही ती केली नाही म्हणून सांगायचं.

घाबरण्याबद्दल. ते गेलं नाही. अजून माझे हात गार पडतात. पण दोन गोष्टी वाचल्या होत्या त्या क्लबमध्ये दर वेळी करून बघता आल्या. एक, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास, त्यात बोलायच्या आधी "मी शांत आहे" असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड दोन्हीत सारखीच असते ना, तिला नाव काय द्यायचं एवढाच प्रश्न. दुसरं, साविट्स्की आणि गिलोविच यांचं २००३ चं काम, की आपली धडधड समोरच्याला जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं तेवढी ती दिसत नाही, आणि नुसतं हे आधी सांगून ठेवलं तरी लोक बरं बोलतात. मला हे वाचून पटलं नव्हतं. क्लबमध्ये माझे पाय थरथरत होते त्या दिवशी दोघांनी येऊन सांगितलं की तुम्ही किती शांत होतात, तेव्हा पटलं.

दुसरी कॉन्फरन्स. ११ मिनिटं ४० सेकंदांत संपलं. चेअरना उठावं लागलं नाही. सहा जादा स्लाइड्सपैकी दोन लागल्या. एका प्रश्नाला मी नको तेवढं लांब उत्तर दिलं आणि त्यामुळे एकाचा प्रश्न राहून गेला, ते अजून जमलेलं नाही. पण नंतर बाहेर दोन जण सॅम्पल कसे कापले ते विचारायला आले आणि मी त्यांना सरळ मागच्या रांगेतल्या दोघांकडे पाठवलं, ते तिघंचौघं पुढचं सेशन सुरू झालं तरी बाहेर बोलत उभे होते.

पाचपैकी चार स्टार. एक कमी तो स्लाइड्स आणि प्रश्नोत्तरांसाठी. सहा महिन्यांच्या वर वेळ हातात असेल तर जरूर जॉइन करा, तीन आठवडेच असतील तर तेवढ्यासाठी जॉइन करू नका, त्याऐवजी ऑफिसमधल्या चार जणांना बोलवा, एकाच्या हातात घड्याळ द्या, एक तुमच्या विषयातला नसलेला घ्या, आणि तीन वेळा पूर्ण उभं राहून न थांबता बोला. आणि क्लब निवडताना एकाच मीटिंगवर ठरवू नका, क्लबागणिक फरक असतो, दोन-तीन ठिकाणी पाहुणे म्हणून जा आणि फक्त मूल्यमापनाचा भाग कान देऊन ऐका. "खूप छान बोललात" एवढंच ऐकू आलं तर पुढचा क्लब बघा, "तिसऱ्या मिनिटाला माझं लक्ष सुटलं" असं कोणी सांगताना ऐकलंत तर तिथेच नाव द्या.